परमुलखातील सेवा : डॉ. कोटणीस यांचे उदाहरण

गेल्या उन्हाळ्यात तळोज्याच्या एका कारखान्यातील आमचे एक जुने सभासद आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आफ्रिकेतील एका गावी शाळेची इमारत बांधण्यासाठी तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. प्रवासखर्च स्वतःचा, आणि वर नेणाऱ्या संस्थेला फी द्यायची. मुलगा मनाने निर्मळ आहे. मोटारसायकल घेऊन देतो म्हटले तरी घेत नाही. लोकलने जातो, पाण्याची बाटली घरून नेतो, दोन शर्टांवर वर्ष काढतो. त्याला छळणारा प्रश्न वेगळाच होता. तो म्हणाला, "काका, तीन आठवडे सेवा करायची आणि त्यासाठी विमानाने एवढे इंधन जाळायचे, हे बरोबर आहे का?" बाप बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "भाऊ, मला एकच कळत नाही. तिथं गवंडी नाहीत का?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हाला त्या दिवशी देता आली नाहीत. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला खरे तर दुसरा प्रश्न आधी सुचायला हवा होता. बदली कामगार म्हणजे काय, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. बिनपगारी राबणारा माणूस दारात उभा राहिला की पगारी माणसाच्या पोटावर पाय येतो. मग तो बिनपगारी माणूस गरजेने आलेला असो की पुण्य जोडायला. पण सेवा हा शब्द उच्चारला की आपल्या सर्वांचीच विचारशक्ती थोडी नमते. म्हणून आम्ही वाचनालयाचा रस्ता धरला आणि या महाराष्ट्रातून परमुलखात सेवेला गेलेल्या माणसांची चरित्रे पुन्हा काढून वाचली. त्यांपैकी एकाविषयी आज बोलावयाचे आहे. नाव श्रोत्यांस परिचित आहे, आणि परिचित आहे म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहिले गेलेले नाही.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय; दोन भाऊ, पाच बहिणी. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १९३० च्या मे महिन्यात तेथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. कोटणीस तेव्हा विशीतले होते. पुढे मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करीत होते. अशा वेळी त्यांनी घरी कळविले की मला चीनला जायचे आहे. घरच्यांना चीन म्हणजे काय ठाऊक होते? दारावर चिनी रेशीम विकायला येणारे फेरीवाले, एवढेच. आई खिन्न झाली. वडिलांनी जा म्हटले.

आता हे चीनला जाणे कोठून उद्भवले ते पाहिले पाहिजे. १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर उघड आक्रमण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात चिनी आठव्या सेनेचा सेनापती चू तेह याने जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. अमेरिकन पत्रकार बाई ॲग्नेस स्मेडली यांनीही त्यासाठी खटपट केली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ३० जूनला जनतेला आवाहन केले, जुलैत चीनसाठी निधी गोळा झाला आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, हे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे कोटणीस, वय वर्षे सत्तावीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने ही मंडळी मुंबईहून निघाली आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर कँटनला उतरली.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. ही माणसे आपण होऊन कोणाच्या घरी शिरली नव्हती. मागणी आलेली होती, आणि ती नेमकी होती. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हवे होते, औषधे हवी होती. चीनमध्ये खंदक खणायला माणसांचा तुटवडा नव्हता. हिंदुस्थानातून कोणी खंदक खणायला गेलेही नाही. जे काम करायला तेथे हात पुरे पडत नव्हते, तेच करणारे हात गेले. शिवाय पैसा कोणा एका धनिकाचा नव्हता. जो देश स्वतः पारतंत्र्यात आहे, ज्याच्या गावोगावी दवाखाना नाही, त्या देशातल्या सामान्य माणसांनी वर्गणी काढून दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठविले. 'आधी घरचे पाहा' असे म्हणणारे तेव्हाही असतील. मोठ्या मनाच्या माणसाला दोन्ही पाहता येतात, असे आमचे मत आहे.

कँटनहून हँकाउ, तेथून यिचांग, तेथून चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला. जपानी विमाने वर होती आणि शहरे एकामागून एक पडत होती. चुंगकिंगमध्ये कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. सोबत्यांनी परत जाण्यास सुचविले. ते गेले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत हे पथक यानानला पोचले. पाचांनीही आपल्या चिनी नावांना 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडून घेतले होते. कोटणीसांचे झाले 'को ती-हुआ'.

यानानचे जीवन कसे होते? पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेली गुहाघरे. जेवायला बारीक धान्य, ज्याला आपण राळे म्हणतो. बाजरी-ज्वारीच्या मुलखातल्या सोलापूरकराला ते फार परके वाटले नसावे, असे मनात येते. सैनिकाला महिन्याला एक युआन हातखर्च, आणि खुद्द सेनापतीला पाच. सध्या 'साधी राहणी' म्हणून जी एक वस्तू दुकानात महाग दराने विकली जाते, तिच्याशी याचा काही संबंध नाही. तेथे साधेपणा हा वैयक्तिक व्रताचा विषय नव्हता. सर्वांना मिळते तेच पाहुण्याला मिळणार, हा तो हिशेब होता.

या संदर्भात कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून यांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बेथ्यून १९३८ च्या जानेवारीत चीनमध्ये आले. त्यांच्यासाठी महिना १०० युआन ठरविण्यात आले. त्यांनी ते नाकारले. येथवर कोणताही सत्पुरुष करील असेच आहे. पण बेथ्यून यांच्याकडून एक चूक झाली, आणि आमच्या दृष्टीने ती चूकच अधिक मोलाची. वूताई पर्वताच्या मुलखात सुंगयेन-काऊ नावाच्या खेड्यात त्यांनी मोठ्या हौसेने एक आदर्श रुग्णालय उभारले. १९३८ च्या सप्टेंबरात त्याचे उद्घाटन झाले. काही आठवड्यांतच जपानी फौजांची चढाई झाली आणि ते रुग्णालय नष्ट झाले. गनिमी युद्धात पक्की इमारत टिकणार नाही, हे स्थानिक सेनाधिकाऱ्यांना ठाऊक होते. परदेशी पाहुण्याच्या उत्साहापुढे ते कितपत बोलू शकले असतील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. बेथ्यून मात्र धडा शिकले. खेचराच्या पाठीवर मावेल असे शस्त्रक्रियेचे सामान त्यांनी बांधून घेतले. आणि खेड्यातील अर्धशिक्षित पोरांना जखम धुणे, हाड बसविणे, रक्त देणे शिकविण्यास त्यांनी स्वतःला जुंपून घेतले. इमारत गेली, शिकलेली पोरे राहिली. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून गेले.

कोटणीस आले ते याच वाटेने. भारतीय पथकाची मुदत मुळात एका वर्षाची होती. आजारपणामुळे व इतर कारणांनी चोळकर, मुखर्जी व अटल एकेक करून स्वदेशी परतले. त्यांना कोणी पळपुटे म्हणू नये. जेवढे कबूल केले तेवढे करून परतणे हाही सचोटीचाच भाग आहे. बसू आणि कोटणीस राहिले. दोघे जपानी पिछाडीच्या डोंगराळ मुलखात गेले. १९४० च्या उत्तरार्धात आठव्या सेनेने रेल्वे आणि ठाणी उद्ध्वस्त करण्याची मोठी मोहीम काढली. त्या धुमश्चक्रीत कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता जखमींवर उपचार केले, असे सांगतात. १९४१ च्या जानेवारीत बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

परंतु शस्त्रक्रियांच्या आकड्यांपेक्षा त्यांनी चिनी भाषा शिकली ही गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. शिकली म्हणजे बाजारात भाव विचारण्यापुरती नव्हे. ते चिनी लिहीत, वाचीत आणि त्या भाषेत वर्ग घेत. चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहावयास घेतले होते. दुभाष्यामार्फत सेवा करणारा माणूस शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. त्याच्या चुका त्याला कोणी सांगत नाही. भाषा आली की लोक तुमच्याशी भांडू लागतात, आणि भांडण हे बरोबरीचे पहिले लक्षण आहे. गिरणीच्या फाटकावर पन्नास सभा घेऊन आम्हाला हे समजले. जो कामगार आमच्याशी नम्रपणे बोलतो, त्याचा आमच्यावर विश्वास नसतो.

१९४१ च्या अखेरीस कोटणीसांनी को चिंग-लान या परिचर्येच्या शिक्षिकेशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ ठेवले : यिन म्हणजे हिंद, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी होपेई प्रांताच्या तांग तालुक्यातील एका खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय ३२. मूल साडेतीन महिन्यांचे.

येथे आम्हाला चरित्रकारांशी थोडे भांडावयाचे आहे. झटके त्यांना आधीपासून येत होते. उपचारासाठी, विश्रांतीसाठी मागे जावे, असा आग्रह होत होता आणि त्यांनी तो मानला नाही. सर्व चरित्रांत ही गोष्ट गौरवाने सांगितलेली असते. आम्ही मात्र आयुष्यभर रजेसाठी, आठ तासांसाठी आणि आजारपणाच्या पगारासाठी भांडलो आहो. आजारी माणसाने कामावर उभे राहणे हा आमच्या शास्त्रात गुण नाही. युद्धात सगळी मोजमापे बदलतात हे मान्य आहे, आणि तांग तालुक्यात त्या वेळी दुसरा शस्त्रवैद्य कोठून आणायचा हा प्रश्नही खरा आहे. तरीही, जो माणूस आणखी तीस वर्षे शिकवू शकला असता तो बत्तिसाव्या वर्षी गेला, याला नुसते 'हौतात्म्य' म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. त्याच्या विधवेने ते मूल युद्धाच्या धामधुमीत वाढविले, त्याचे काय? यिन-हुआ पुढे वैद्यकीचा विद्यार्थी झाला आणि १९६७ साली ऐन तारुण्यात वारला. को चिंग-लान यांनी नंतर अनेकदा हिंदुस्थानात येऊन सासरच्या मंडळींची भेट घेतली. २०१२ साली त्या वारल्या. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा बोलपट काढला आणि कोटणीस घरोघर पोचले. बोलपटाला नायक लागतो. मागे राहिलेल्या बाईची पुढची सत्तर वर्षे बोलपटात मावत नाहीत.

आपण जे दिले त्याच्या बदल्यात आपण काय घेतले, हाही विचार करावा. बसू १९४३ मध्ये परतले. पुढे १९५८-५९ साली पुन्हा चीनला जाऊन त्यांनी सुया टोचून उपचार करण्याची तेथील जुनी विद्या शिकून घेतली आणि हिंदुस्थानात तिचा प्रसार केला. ज्यांना औषध द्यायला गेले, त्यांच्याच हाताखाली विद्यार्थी म्हणून बसले. १९६२ च्या युद्धानंतर चीनचे नाव काढणे आपल्याकडे अवघड झाले, सीमेवरचे वैर अजूनही संपलेले नाही. पण शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस यांच्या समाध्या आहेत आणि त्यांवर फुले वाहिली जातात. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. सरकारे भांडली तरी जखमा बांधणाऱ्याचा हिशेब लोक वेगळा ठेवतात.

आता त्याच १९३८ सालची दुसरी गोष्ट सांगतो. ती आमच्या धंद्याची असल्यामुळे आम्हाला अधिक जवळची आहे. ऑस्ट्रेलियात पोर्ट केंबला नावाचे बंदर आहे. कोटणीसांची बोट कँटनला लागून दोन महिने होतात न होतात तोच, १५ नोव्हेंबर १९३८ रोजी तेथील गोदी कामगारांनी 'डॅलफ्रम' या जहाजात जपानला जाणारे बिडाचे लोखंड भरण्यास नकार दिला. या लोखंडाच्या गोळ्या होऊन त्या चिनी माणसांच्या छातीत जाणार आहेत, असे त्यांचे म्हणणे. सरकारने कायद्याचा बडगा दाखविला. कंपनीने पोलादाचा कारखाना बंद केला आणि हजारो कामगार ऐन नाताळात घरी बसले. सुमारे दहा आठवडे हे चालले. शेवटी कामगारांना ते जहाज भरावेच लागले. पण जपानला बीड पाठविण्याच्या व्यवहाराची लाज साऱ्या देशापुढे आली, आणि त्यांना धाकात ठेवू पाहणारे मंत्री रॉबर्ट मेंझीस यांना 'बिडाचा बॉब' हे टोपणनाव जन्माचे चिकटले. पुढे ते बरीच वर्षे पंतप्रधान होते तरी ते सुटले नाही.

या कामगारांनी चीन पाहिला नव्हता. त्यांनी बोटीचे तिकीट काढले नाही. त्यांनी फक्त आपले हात काढून घेतले. परमुलखातील माणसाची सेवा करण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो आपापल्या फाटकापासून सुरू होतो. आपण जो माल बनवितो तो कोठे जातो, आपण जे वापरतो ते कोणाच्या घामाचे, कोणाच्या जमिनीतले, हे विचारणे म्हणजेच सचोटीने जगणे. बाटली घरून नेणे हा त्याचा फार छोटा भाग झाला.

याच्या उलट बाजूचे, म्हणजे परदेशातून आपल्याकडे आलेल्यांचेही उदाहरण घेऊ. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल नावाचे एक स्विस इंजिनियर तेथे आले. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात त्यांनी निरनिराळ्या देशांची माणसे, जर्मन धरून, घरे उभारण्यासाठी नेली होती. आंतरराष्ट्रीय नागरी सेवा ही संघटना त्यातूनच निघाली. बिहारमध्ये मुजफ्फरपूर भागात, पुराच्या तोंडी सापडलेली खेडी उंच जागी हलविण्याच्या कामात, राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीच्या सोबतीने, त्यांनी व त्यांच्या चार-दोन सोबत्यांनी घमेली उचलली. एका नव्या गावाला शांतिपूर असे नाव पडले. पोटासाठी मजुरी करणाऱ्याचे काम स्वयंसेवकाने हिरावून घेऊ नये, हे या संघटनेचे धोरण होते. तळोज्याच्या आमच्या सभासदाने जे विचारले, ते या इंजिनियराला शंभर वर्षांपूर्वी सुचले होते. दोघांची गाठ पडती तर बरे जमले असते.

आणि आपल्याच तालुक्यातील तारा. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना कर्नाळा मागे टाकले की ते गाव लागते. १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरचे काम तेथे चालते. तेलघाणी, साबण, कुंभारकाम, दवाखाना, शाळा. देशोदेशीची मुले तेथे येऊन राहून गेली आहेत. पनवेलच्या किती मुलांनी ते पाहिले आहे, हे आम्ही विचारीत नाही; उत्तर ऐकून वाईट वाटेल.

राहिला विमानाचा प्रश्न. आमच्या तालुक्यातूनच आता विमाने उडतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरपासून वाहतूक सुरू झाली. त्यासाठी उलव्याच्या आसपासची गावे उठली, डोंगर कापला गेला, नदीचा प्रवाह वळविला गेला. तेव्हा तो मुलगा ज्या विमानात बसेल, त्याच्या इंधनाचा हिशेब आकाशात मांडण्याआधी धावपट्टीखालच्या जमिनीचा मांडावा, असे आम्ही त्याला सांगितले. कोटणीसांची बोटही कोळशा-तेलावरच चालत होती. पण ती एकदा गेली आणि माणूस चार वर्षे तेथे राहिला. तो शिकला, त्याने शिकविले, तो तेथलाच झाला. तीन आठवड्यांसाठी जाऊन येणाऱ्याने इंधनाला दिवसांनी भागून पाहावे. गणित अवघड नाही.

मुलाला आम्ही जाऊ नको म्हटले नाही. तरुणाला जाऊ नको म्हणणारी म्हातारी माणसे आम्हाला कधीच आवडली नाहीत. आम्ही त्याला कोटणीसांचे चरित्र वाचायला दिले. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याने संस्थेला लिहिलेल्या पत्राची नक्कल दाखविली. शाळा बांधा असे गावातल्या कोणी सांगितले, माझ्या फीमधले किती पैसे त्या गावात पोचतात, आणि तेथली भाषा शिकायला सहा महिने आधी काही व्यवस्था होईल का, असे तीन प्रश्न त्यात होते. आम्ही म्हटले, ठीक आहे, पाठव. तेवढ्यात बापाने कागद हातात घेतला, खिशातले पेन काढले आणि खाली आपल्या अक्षरात चौथी ओळ लिहिली : त्या गावात गवंड्याची रोजची मजुरी किती?

पत्र गेले आहे. उत्तर अजून यायचे आहे.